कठड्यावर चढलेला मुलगा

(बडोदे येथील दांडिया बाजारात भरणाऱ्या स्मृती-व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या आठवणीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांच्या वर्गात बसायचं भाग्य मला लाभलं नाही. पण आयुष्य मुलांच्या वाढीच्या कामात गेलं, त्यामुळे मंडळींनी ‘किशोरवयीन मेंदूचं संशोधन आणि तरुण मुलांचं मानसिक आरोग्य’ असा भारदस्त विषय माझ्या पदरात टाकला. थेट मेंदूत शिरण्याआधी मी तुम्हाला गच्चीवर नेते.

उत्तरायणाचा दिवस. आमच्या समोरच्या घराला वाडा म्हणायचं ते आता निव्वळ सवयीने. पुढे तीन मजले चढलेत, मागच्या जुन्या भागावर पत्रे आहेत. तिथला नववीतला मुलगा सकाळी सातला एकटाच वर आला. ढील देताना कठड्यापासून दोन हात लांब. पतंग पत्र्यावर अडकला तेव्हा त्याने काठी आणली. काठी पुरेना, तर सरळ दोरी तोडली आणि दुसऱ्या पतंगाला किन्ना बांधायला बसला. गॅलरीत चहा घेता घेता मी मनात म्हटलं, किती शहाणं पोर आहे! दुपारी त्याचे चार मित्र आले. स्पीकर लागला, फिरक्या आल्या. तासाभरात तोच मुलगा कठड्यावर उभा होता, आणि कुठून तरी कापून आलेला एक फाटका पतंग धरायला तिथून पत्र्यावर उतरला. पत्रा कडाडला. मित्रांनी एकच गिल्ला केला. पोरगं सुखरूप वर आलं, म्हणून ही गोष्ट आज सांगता येते आहे.

संध्याकाळी तो गल्लीत भेटला, हातात उंधियूचा डबा. मी म्हटलं, “अरे, पत्रा मोडला असता तर? तुला कळत नव्हतं का?” तो ओशाळला नाही, उलटही बोलला नाही. म्हणाला, “कळत होतं, काकू. पण तेव्हा कळून काही उपयोग नव्हता.”

आता प्रयोगशाळेत जाऊ. २००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी संशोधकांनी तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना, अठरा ते बावीसच्या तरुणांना आणि त्याहून मोठ्या माणसांना गाडी चालवण्याचा एक संगणकी खेळ दिला. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं, की अजून थोडं पुढे दामटायचं, एवढाच प्रश्न. एकटं खेळताना तिन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. बरोबरीचे दोघे शेजारी उभे केल्यावर किशोरवयीन मुलांचा धोका पत्करण्याचा कल एकदम वाढला. तरुणांचा थोडा वाढला, मोठ्यांचा जागच्या जागी राहिला. पुढे २०११ मध्ये जेसन चेन आणि सहकाऱ्यांनी असाच खेळ मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात खेळवला. मित्र शेजारच्या खोलीतून बघताहेत एवढं कळल्यावरच मुलांच्या मेंदूतला बक्षिसाची गोडी सांभाळणारा भाग उजळला. मोठ्या माणसांत तसं काही दिसलं नाही. आमच्या गच्चीवरही सकाळी आणि दुपारी एकच मुलगा होता, एकच मेंदू होता. बदलले होते ते बघणारे.

हे सगळं मेंदूत कसं घडतं? थोडक्यात सांगते. १९९९ मध्ये जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांच्या मेंदूची चित्रं दर काही वर्षांनी पुन्हा काढून एक गोष्ट दाखवली. कपाळामागच्या भागातला करडा पदार्थ लहानपणी वाढत जातो, मुलींत अकराच्या आणि मुलांत बाराच्या सुमारास शिगेला पोचतो, आणि मग कमी होऊ लागतो. कमी होतो हे ऐकून पालक दचकतात. नाशिककडचे पाहुणे असतील त्यांना दचकायचं कारण नाही. द्राक्षबागेची खरड छाटणी झाल्यावर बाग उजाड दिसते, आणि पुढचं पीक त्याच छाटणीवर उभं असतं. मेंदूत मात्र कात्री घेऊन कोणी माळी उभा नसतो. ज्या जोडण्या रोज वापरात येतात त्या टिकतात, पडून राहिलेल्या जातात. जोडीला उरलेल्या तंतूंवर मायलिन नावाचा स्निग्ध लेप चढत असतो. उत्तरायणाआधी रस्त्यावर दोरी रंगवणारे बसतात, त्यांच्याकडे जसा साधा दोरा लेप घेऊन मांजा होतो, तसंच म्हणा. लेप चढला की निरोप कितीतरी वेगाने धावतो. हे काम मेंदूच्या सगळ्या भागांत एकदम होत नाही. भावना, चव, चुरस यांचे भाग आधी जोमात येतात; आवर घालणारा, पुढचं पाहणारा कपाळामागचा भाग सगळ्यात शेवटी, विशीच्या मध्याला पोचता पोचता. आपल्या पूर्वजांनी यंत्राशिवायच या मुदतीला नाव दिलं होतं, गद्धेपंचविशी. आकडा पाहा, अगदी बरोबर आहे. गाढवाचा उल्लेख मात्र मागे घ्यायला हवा.

तो का, यासाठी तुम्हाला १८७५ सालच्या एका मुलाची आठवण करून देते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ बारा वर्षांचा होता. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्या वर्षी २७ मे रोजी तो गायकवाडांच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. गाव सुटलं, घर सुटलं, नाव सुटलं, आणि हातात पहिल्यांदा पाटी आली. इलियट हे शिक्षक नेमले गेले. पुढे १८८१ मध्ये, राज्याचे अधिकार मिळण्याच्या आधी, दिवाण सर टी. माधवराव यांनी या अठरा वर्षांच्या मुलासाठी राज्यकारभारावर एक संबंध व्याख्यानमाला दिली. ‘मायनर हिंट्स’ या नावाने ती ग्रंथरूपात आहे. श्रोता एकच, तोही अल्पवयीन. आपल्या मालेत श्रोते जास्त आहेत, पण अल्पवयीन मला आज एकही दिसत नाही.

बाराव्या वर्षी अक्षर गिरवायला बसलेल्या या मुलाने पुढे बडोद्याला हिंदुस्थानातली सार्वजनिक ग्रंथालयांची पहिली मोठी चळवळ दिली. व्यक्ती असामान्य होती हे मान्य. पण असामान्य माणसाचा मेंदूही याच वयातून जातो. ज्या वयाला आपण हातचं गेलेलं म्हणतो, ते शिकण्यासाठी केवढं उघडं असतं याचा पुरावा त्यांनीच बांधलेल्या न्याय मंदिराच्या आसपास दगडात उभा आहे.

आणि तरीही त्याच महाराजांच्या कायद्यांत किशोरवयाला जागा नव्हती. १९०४ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा मुलीचं लग्नाचं किमान वय बारा ठरवतो, मुलाचं सोळा. १९०६ चा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मुलींना सात ते दहा आणि मुलांना सात ते बारा या वयात शाळेत बसवतो. त्या काळात हे धाडस होतं, त्याबद्दल मला काडीचं उणं बोलायचं नाही. पण बाराव्या वर्षी मुलगी शाळेतून बाहेर आहे आणि लग्नाला पात्र आहे, तर तिचं किशोरवय कुठे बसवायचं? भाषेतही तेच झालं. जुन्या संस्कृत वापरात पौगंड म्हणजे पाच ते दहा वर्षांचं पोर. पुढे तेरा-चौदाच्या वयासाठी शब्द हवा झाला तेव्हा आपण तोच ओढून मोठा केला.

हा प्रश्न नीट विचारला गेला तो इथून रिक्षाने दहा मिनिटांवर. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या मानव विकास विभागात टी. एस. सरस्वती यांनी अनेक वर्षं शिकवलं. १९९९ साली त्यांनी एक निबंध लिहिला; भारतात किशोरवय ही दंतकथा आहे की आता कुठे आकाराला येणारी गोष्ट आहे, असा त्याचा मथळ्यातलाच सवाल. त्यांचं म्हणणं असं की आपल्याकडे बालपण आणि मोठेपण यांच्यामध्ये रुंद नदी नाही. मूल आपोआप मोठ्यांच्या कामात सरकतं. मोकळं, लांबलेलं किशोरवय मिळतं ते मुख्यतः वरच्या वर्गाला, आणि तिथेही मुलांना अधिक. गरीब घरातली मुलगी तर धाकट्या भावाला कडेवर घेऊनच मोठी होते. त्याच विभागातल्या शगुफा कापडिया यांनी पुढे शहरी किशोरवयीन मुलं आणि पालक यांच्यातल्या मतभेदांवर काम केलं. त्यांचं पुस्तक २०१७ चं आहे.

मला सरस्वतींचा प्रश्न मेंदूच्या चित्रांपुढे ठेवावासा वाटतो. ती चित्रं कोणाची? बहुतेक अमेरिका-युरोपातल्या मुलांची. छाटणी सगळ्यांच्याच मेंदूत होते, यात वाद नाही. पण काय टिकतं आणि काय जातं हे वापरावर ठरतं, आणि वापर घराघरात वेगळा. संध्याकाळी दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा मुलगा, सहाला ट्यूशन गाठणारा मुलगा आणि लहान भावंडं सांभाळणारी मुलगी एकाच वयाची असली, तरी त्यांच्या मेंदूला रोजची तालीम एकच मिळत नाही.

तालीम म्हटल्यावर दांडिया बाजाराला जुम्मादादा व्यायाम मंदिर आठवणारच, प्रोफेसर माणिकरावांचा आखाडा. माणिकरावांनी मेंदूची चित्रं पाहिली नव्हती. पण तिथे काय चालायचं पाहा. चौदा वर्षांचं पोर, बघायला बरोबरीची वीस पोरं, धोका खरा, आणि शेजारी उस्ताद. मल्लखांबावरून उलटं लोंबकळणं आणि पत्र्यावर उतरणं यांत मेंदूला मिळणारी झिंग फार वेगळी नसावी. फरक व्यवस्थेचा आहे. मित्रांसमोर शौर्य दाखवायची ओढ उपदेशाने जात नाही, तिला जागा द्यावी लागते. गल्लीतल्या कठडेवाल्याला मी उपदेश केलाच होता, मी तरी कुठली वेगळी!

आता विषयाच्या दुसऱ्या अंगाकडे. इथे मला हात थोडा जड होतो.

त्याच गच्चीवर एक मुलगी होती, त्याची चुलत बहीण. दिवसभर फिरकी धरून. तिच्याकडे मीही लक्ष दिलं नाही, कारण ती कठड्यावर चढली नाही. आपली सगळी काळजी कठड्यावर चढणाऱ्यांसाठी राखलेली असते. पण मुलगी वयात आल्यावर नैराश्याचं प्रमाण मुलांच्या जवळजवळ दुप्पट होतं, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ते आरडाओरड करत येत नाही. आपल्या घरांत ते बहुधा शहाणपणाच्या वेषात येतं. “पोरगी किती समजूतदार झाली हो, कसला हट्ट नाही, कुठे जाणं नाही.” गरब्याची चणियाचोळी मागणं बंद, आवडीची पातळ भाजी मागणं बंद, मैत्रिणीचा फोन आला तर “सांग झोपलेय”.

माझी चूक इथे सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका शाळेत मुलांच्या नोंदी लिहीत असे. एका आठवीतल्या मुलीपुढे मी लिहिलं होतं, ‘शांत. छान जुळवून घेते.’ काही महिन्यांनी तिच्याच आईकडून कळलं की पोर कित्येक आठवडे रात्री झोपलेली नव्हती. पुढे ती सावरली. पण वहीतलं ते वाक्य माझ्या अक्षरात होतं. त्यानंतर ‘छान जुळवून घेते’ हे शब्द मी कोणाहीबद्दल लिहिले नाहीत.

आकडे थोडेच सांगते, कारण आकड्यांनी घाबरवायला मी आलेले नाही. रोनाल्ड केस्लर यांच्या २००५ च्या अमेरिकी अभ्यासात आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार होणाऱ्यांपैकी निम्म्यांचा आरंभ चौदाच्या आत आणि तीनचतुर्थांशांचा चोवीसच्या आत दिसला. म्हणजे छाटणीचा हंगाम आणि आजाराचा हंगाम एकच. आपल्याकडे बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा या वयात हे प्रमाण ७.३ टक्के निघालं. साठ मुलांच्या वर्गात चार-पाच. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या नोंदीत १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत. सर्वांत जास्त महाराष्ट्रात. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी पेढे वाटायला निघण्यापूर्वी शेजारच्या घरात काय लागलंय हे एकदा बघा, एवढंच म्हणते.

झोपेचं ऐका. वयात येताना शरीराचं घड्याळ मागे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागतं. मेरी कार्सकाडन यांनी हे आयुष्यभर अभ्यासलं. मुलगा अकराला टक्क जागा असतो त्यात निम्मा दोष मोबाइलचा आणि निम्मा निसर्गाचा. आपल्या कितीतरी शाळांची सकाळची पाळी मात्र सातला भरते. पहिल्या तासाला पेंगणाऱ्या पोराला आपण आळशी म्हणतो.

मग करायचं काय? मला सर्वांत आशा वाटते ती बिहारच्या एका प्रयोगाने. नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी शाळांत सचिन शिंदे, विक्रम पटेल आणि त्यांच्या गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेच्या चमूने ‘सेहर’ नावाचा कार्यक्रम राबवला. काही शाळांत तो शिक्षकांकडे सोपवला, काहींत बाहेरून नेमलेल्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसाकडे. डॉक्टर नव्हे, मानसशास्त्राचा पदवीधरही असायला हवा असं नाही. काम म्हणजे सभा, भित्तिपत्रक, मुलांच्या चिठ्ठ्यांसाठी पेटी, आणि ज्याला बोलायचंय त्याचं ऐकणं. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. त्या साध्या माणसाच्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी कमी झाली, नैराश्याची लक्षणं उतरली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत असा फरक पडला नाही. या सभेत शिक्षक पुष्कळ आहेत, त्यांनी रागावू नये. जो मार्क देतो, त्याच्यापाशी मूल पोट उघडं करत नाही. पालकांनाही हेच लागू आहे. म्हणून प्रत्येक मुलाच्या आयुष्यात मार्क न देणारा एक मोठा माणूस हवा. पूर्वी वाड्यात असा एखादा मामा, एखादी बिनलग्नाची आत्या असायचीच. आता फ्लॅटमध्ये ती सोय नाही, ती मुद्दाम करावी लागेल. आणि अगदी कोणी नसेल, तर सरकारचा टेलि-मानस क्रमांक १४४१६ आहे. तिथे मराठी चालतं, गुजराती चालतं.

शेवटी संशोधनाबद्दल, कारण विषयात तो शब्द आहे आणि त्याचंच आपल्याला सर्वांत वावडं.

दोन-अडीच वर्षांपर्यंतच्या बाळाची वाढ नीट होते आहे का, हे तपासायला देशभर जी मोजपट्टी वापरली जाते, तिचा पाया बडोद्याचा आहे. आपल्या विद्यापीठातल्या प्रमिला फाटक यांनी परदेशी बेली चाचणी घेतली, पण परदेशी बाळांचे आकडे घेतले नाहीत. इथल्या बाळांना मोजून १९७० साली इथली मानकं दिली. डॉक्टर मंडळी आजही त्यांना ‘बडोदा नॉर्म्स’ म्हणतात. ६७ बाबी हालचालींच्या, १६३ बुद्धीच्या. मी शिकत असताना ती पेटी हाताळली आहे. लाल कडी, ठोकळे, घंटी, कप. बाळ आईच्या मांडीवर बसतं, आपण कडी हलवायची, आणि त्याचे डोळे मागे येतात का ते बघायचं. साधं दिसतं, पण त्यासाठी आईला परक्या माणसाला दारात उभं करून घ्यावं लागतं.

किशोरवयीन मेंदूसाठी हे काम देशात आता कुठे सुरू झालंय. निम्हान्सच्या पुढाकाराने ‘सी-वेडा’ नावाचा मोठा अभ्यास उभा राहिला. सहा ते तेवीस वयाची हजारो मुलं, बेंगळुरू, म्हैसूर, ऋषी व्हॅली, चंदीगड, कोलकाता आणि इंफाळ इथली. यादी पुन्हा ऐका. गुजरात नाही, महाराष्ट्र नाही. तरी असं चिकाटीचं काम आपल्याकडे जमतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या खेड्यांतल्या बायकांपासून सुरुवात करून त्यांच्या मुलांचा माग ठेवला आहे. आईच्या रक्तातल्या बी-१२ जीवनसत्त्वाचा मुलाच्या नवव्या वर्षीच्या आकलनाशी संबंध दिसला तो त्यातूनच. ती पोटातली पोरं आज तिशीत आहेत. असं काम तीस वर्षं चालतं, कारण तीस वर्षं माणसं दार उघडत राहतात.

फाटकांच्या मानकांसाठी मोजली गेलेली बाळं आता साठीकडे आली असतील. त्यांतलं कोणी आज या सभागृहात बसलेलं असू शकेल, आणि त्याला स्वतःला ते माहीतही नसेल. त्याच्या आईने एका दुपारी ओट्यावर सतरंजी टाकून, बाळ मांडीवर घेऊन, कोणा अनोळखी मुलीला लाल कडी हलवू दिली होती. तुमची नातवंडं आता तेरा-चौदाची आहेत. उद्या विद्यापीठातली एखादी मुलगी प्रश्नांचे कागद घेऊन तुमच्या जिन्यात उभी राहिली, तर तिला “परीक्षा आहेत, नंतर या” म्हणून परत पाठवू नका. पाणी द्या, बसवा. मात्र उत्तरं देण्याआधी नातवाला किंवा नातीला विचारा, तुला बोलायचं आहे का. आणि उत्तर हो आलं, तर तुम्ही आतल्या खोलीत जा.